सी ड्राइव्हच्या शेजारचे बिननावाचे तुकडे उडवू का?

तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडते, म्हणजे काही चुकत असेल तर लगेच सांगता येईल. नवा ११ इंची छोटा लॅपटॉप घेतलाय. २५६ जीबीची एसएसडी, विंडोज ११ होम आधीच टाकून आलेलं. त्याच्या शेजारी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचीय. डिस्क मॅनेजमेंट उघडलंत तर सी ड्राइव्हच्या डावीकडे २६० एमबीचा आणि उजवीकडे हजारेक एमबीचा असे दोन बिननावाचे तुकडे दिसले. त्यांच्यावर राइट क्लिक केलं तर ‘हेल्प’शिवाय काहीच येत नाही. म्हणून मिंटच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं, जीपार्टेड या डिस्कचे हिस्से पाडणाऱ्या प्रोग्रॅममधून ते दोन्ही उडवायचे आणि ती जागा लिनक्सला द्यायची, असा बेत आहे.

हा बेत सोडून द्या. दोन्ही तुकडे मिळून जेमतेम सव्वा जीबी भरतात. मिंटला कमीत कमी २० जीबी लागतात आणि १०० असावेत असं मिंटवालेच सांगतात. सव्वा जीबीने तुमचं काही भागणार नाही, आणि त्यापायी चालतं विंडोज मात्र सुरू व्हायचं बंद होईल. राइट क्लिकला ‘डिलीट’ येत नाही, ते उगाच नाही.

जागा सी ड्राइव्हमधूनच कापावी लागेल. पण कापण्याआधी डिस्कवर काय काय आहे, कोण कोणावर अवलंबून आहे आणि बिनसलंच तर माघारी यायची वाट कुठून आहे, एवढं कळलं पाहिजे. तुमची अडचण खरी इथे आहे. जमीन घेताना आपण आधी सातबारा काढतो, चतुःसीमा बघतो. डिस्कचं पार्टिशन टेबल म्हणजे तिचा सातबारा: कुठला हिस्सा कुठून कुठपर्यंत आणि कशासाठी. बहुतेक लोक तो न बघताच नांगर घालतात.

मीही घातलाय. २०१० च्या सुमाराला नेटबुकची लाट होती. १० इंची पडदा, अ‍ॅटम प्रोसेसर, १ जीबी रॅम आणि विंडोज ७ स्टार्टर. ताईने भाच्यासाठी असं एक घेतलं आणि ‘तुझं ते लिनक्स टाकून दे’ म्हणून माझ्याकडे पाठवलं. डिस्कवर १०० एमबीचा ‘सिस्टिम रिझर्व्ड’ नावाचा तुकडा दिसला. ही काय अडगळ, म्हणून मी तो उडवला. मशीन पुन्हा चालू केलं तर काळ्या पडद्यावर एकच ओळ: ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही. विंडोज सुरू करणाऱ्या फाइली त्या १०० एमबीतच होत्या. नेटबुकला डीव्हीडी ड्राइव्ह नसायचा आणि रिकव्हरीची डिस्क खोक्यात यायची नाही. ती डिस्कवरच्याच आणखी एका तुकड्यात असायची. तो तुकडा शाबूत होता, पण त्याच्यापर्यंत पोचायचं कसं? शेवटी एका मित्राचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह उसना आणला आणि अख्खा रविवार त्यात गेला. ताई अजून अधूनमधून त्याची आठवण काढते.

असो. आता डिस्क वाचायला बसू.

स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करा, ‘टर्मिनल (अ‍ॅडमिन)’ उघडा आणि तिथे डिस्कपार्ट हा डिस्कचे हिस्से दाखवणारा-बदलणारा प्रोग्रॅम चालवा. एक सावधगिरी: या प्रोग्रॅममध्ये ‘क्लीन’ असा एक शब्द आहे. तो लिहून एंटर दाबलं की ‘नक्की का?’ असं एकदाही न विचारता निवडलेली डिस्क मोकळी होते. तुम्ही फक्त ‘लिस्ट’ आणि ‘सिलेक्ट’ या दोन शब्दांपुरतेच राहा. यातला कुठलाच शब्द काही बदलत नाही.

आधी ‘लिस्ट डिस्क’. ज्या ओळीत २३८ जीबी दिसेल ती तुमची एसएसडी. २५६ ची २३८ झाली म्हणून दचकू नका, कोणी चोरलेली नाही. कंपनी हजार-हजारने मोजते आणि विंडोज १०२४ ने. त्याच ओळीच्या शेवटी जीपीटी नावाचा रकाना आहे. त्यात तारका असेल तर डिस्क नव्या पद्धतीची आहे. विंडोज ११ आधीच टाकून आलेल्या तुमच्या मशीनवर ती असणारच, पण डोळ्यांनी बघून घ्या. मग ‘सिलेक्ट डिस्क ०’ आणि ‘लिस्ट पार्टिशन’. तुमच्या वर्णनावरून साधारण अशा चार ओळी येतील: पहिली ‘सिस्टिम’, २६० एमबी. दुसरी ‘रिझर्व्ड’, १६ एमबी. तिसरी ‘प्रायमरी’, २३७ जीबी. चौथी ‘रिकव्हरी’, १००० एमबीच्या आसपास.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये तीनच तुकडे होते ना? इथे चार आहेत. १६ एमबीचा तो तुकडा डिस्क मॅनेजमेंट दाखवतच नाही. एवढ्यासाठीच मी फक्त तिथल्या निळ्या पट्ट्यांवर विसंबत नाही.

आता या चौघांची ओळख. २६० एमबीचा ‘सिस्टिम’ म्हणजे ईएफआय पार्टिशन. मशीन चालू झालं की मदरबोर्डवरचं फर्मवेअर (बोलीत बायोस) सगळ्यात आधी इथे येतं आणि कुठली ऑपरेटिंग सिस्टिम उठवायची ते इथल्या फाइलींवरून ठरतं. फाइल सिस्टिम साधी फॅट-३२. आत मायक्रोसॉफ्टचा एक फोल्डर असतो. मिंट टाकलं की त्याच्या शेजारी लिनक्सचा एक फोल्डर येतो आणि दोघं गुण्यागोविंदाने राहतात. लिनक्ससाठी वेगळं ईएफआय पार्टिशन करायची गरज नाही. मिंट किंवा उबुंटू तिथे फक्त बूट लोडर, म्हणजे सिस्टिम उठवणारा छोटा प्रोग्रॅम, ठेवतात, त्याला थोडेसेच एमबी लागतात. काही डिस्ट्रो (लिनक्सचे वेगवेगळे अवतार) मात्र अख्खा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभाच, तिथे नेऊन ठेवतात, त्यांना २६० एमबी अपुरे पडतात. तुम्ही मिंट टाकताय, तेव्हा प्रश्न नाही. एकच लक्षात ठेवा: इन्स्टॉलरमध्ये या पार्टिशनपुढे ‘फॉरमॅट’ची चौकट असेल तर ती रिकामीच राहू द्या. मी निस्तरलेल्या निम्म्या भानगडी त्या एका टिकमार्कच्या आहेत.

१६ एमबीचा ‘रिझर्व्ड’ मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या सोयीसाठी राखून ठेवलेला असतो. त्यात फाइल सिस्टिमच नसते, म्हणून जीपार्टेडमध्ये तो अनोळखी आणि रिकामा दिसतो आणि लोकांचा हात शिवशिवतो. १६ एमबीत एखादा फोटो मावेल. राहू द्या त्याला.

चौथा, रिकव्हरी. विंडोज उठेनासं झालं की जो निळा दुरुस्तीचा पडदा येतो तो इथून येतो. खरंच इथेच आहे का हे बघायचं असेल तर त्याच टर्मिनलमध्ये डिस्कपार्टमधून बाहेर येऊन ‘रीएजंटसी’ला ‘इन्फो’ विचारा. उत्तरात पार्टिशनचा क्रमांक मिळतो. हा तुकडा लहान असण्याचाही त्रास होतो. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चं एक सुरक्षा अपडेट असंख्य मशीनवर अडकलं, कारण रिकव्हरी पार्टिशनमध्ये त्याला हवी तेवढी जागाच नव्हती. त्यामुळे तो आणखी आवळायच्या भानगडीतही पडू नका. काही कंपन्या याशिवाय १०-२० जीबीचा आणखी एक तुकडा देतात. त्यात मशीन कारखान्यातून निघालं तेव्हाची संपूर्ण प्रत असते. तुमच्या यादीत तो नाही. असता तर त्याच्याबद्दल बोलता आलं असतं, पण तेही त्याची प्रत बाहेर काढून ठेवल्यावर.

ज्यांच्या हातात जुनं नेटबुक आहे आणि जीपीटीच्या रकान्यात तारका नाही, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. ती जुनी एमबीआर पद्धत. तिथला सातबारा अवघ्या ६४ बाइटचा, त्यात १६ बाइटच्या चार नोंदी. पाचवा प्रायमरी हिस्सा होऊच शकत नाही. कंपन्यांनी मोठ्या हुशारीने चारही नोंदी भरूनच मशीनं विकली: सिस्टिम, सी, रिकव्हरी आणि चौथा स्वतःच्या टूल्सचा. सी कापून जागा केली तरी लिनक्सला ती वापरता येत नाही, कारण नोंदवायलाच ओळ शिल्लक नाही. अशा वेळी एक हिस्सा मोडून त्या जागी एक्स्टेंडेड पार्टिशन करायचं आणि त्याच्या पोटात लॉजिकल पार्टिशनं घालायची. जमिनीचे पोटहिस्से करतात तसंच. आणि इथे एक सापळा आहे. विंडोजमध्येच पाचवा हिस्सा करायला गेलात तर ते विचारतं, ‘डिस्क डायनॅमिक करू का?’ ‘हो’ म्हणू नका. डायनॅमिक झालेल्या डिस्कवर लिनक्सचा इन्स्टॉलर गोंधळतो, आणि डेटा न घालवता तिला परत साधी करायची सोय विंडोज देत नाही. तुमच्या जीपीटी डिस्कवर १२८ नोंदींची जागा असते, म्हणून तुमची या कटकटीतून सुटका.

हिस्से कळले. पण डिस्क वाचणं एवढ्यावर संपत नाही. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ म्हणून एक रकाना असतो, बोजा असला तर तिथे कळतो. इथे दोन बोजे तपासायचे.

पहिला बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन. विंडोज ११ होममध्येही ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ असतं, आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलंत तर ते तुम्हाला पत्ता न लागता चालू झालेलं असू शकतं. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली बघा. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती कागदावर उतरवा. त्याच लॅपटॉपवर फाइल करून ठेवण्यात काय अर्थ? बूटचा क्रम बदलला किंवा सिक्युअर बूट (मान्यता नसलेलं काही उठू न देणारी फर्मवेअरची सोय) चालू-बंद केलं की पुढच्या वेळी विंडोज ती किल्ली मागतं, आणि किल्ली नसली तर आतला डेटा गेला असंच समजा. काही इन्स्टॉलर बिटलॉकर चालू दिसला की तिथेच थांबतात. पहिल्यांदाच ड्युअल बूट (एका मशीनवर दोन सिस्टिम) करणाऱ्याला मी एन्क्रिप्शन बंद करून, डिस्क पूर्ण डिक्रिप्ट होईपर्यंत थांबायला सांगते. लॅपटॉप रोज एसटीने किंवा लोकलने फिरणार असेल, त्यात ऑफिसचं काही असेल, तर नंतर ते पुन्हा चालू करा. मग मात्र ग्रबच्या, म्हणजे लिनक्सच्या बूट लोडरच्या, मेनूतून विंडोज उठवताना कधीकधी किल्ली मागितली जाईल याची तयारी ठेवा.

दुसरा बोजा फास्ट स्टार्टअपचा. विंडोज ‘शट डाउन’ केलं तरी ते पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि सी ड्राइव्ह उघडा ठेवल्यासारखा सोडून देतं. मग लिनक्स त्या ड्राइव्हवर लिहायला नकार देतं, आणि ते बरोबरच आहे. अ‍ॅडमिन टर्मिनलमध्ये ‘पॉवरसीएफजी’ला ‘हायबरनेट ऑफ’ सांगितलं की फास्ट स्टार्टअपही जातं आणि हायबरनेशनची भलीमोठी फाइलही पुसली जाते. दुसरा फायदा पुढच्या पायरीवर कामाला येतो.

ती पायरी म्हणजे सी कापणं. हे काम विंडोजच्याच हत्याराने करा, लिनक्सच्या नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी वर राइट क्लिक, ‘श्रिंक व्हॉल्यूम’. जी खिडकी येते तिच्यात चार आकडे असतात आणि ते सगळे एमबीत असतात. हे शंभरदा सांगूनही चुकतं. आमच्या लॅबमधल्या एका मुलाने ८० जीबी हवेत म्हणून ८० लिहिलं आणि मग ‘मॅडम, इन्स्टॉलर म्हणतो जागाच नाही’ म्हणत आला. ८० जीबी हवेत तर ८० गुणिले १०२४, म्हणजे ८१,९२० लिहायचं. तुमच्या २३७ मधून मी एवढेच देईन. विंडोजकडे १५७ उरतात, आणि विंडोज वर्षा-दोन वर्षांत कसं फुगतं ते मी पाहिलंय.

त्या खिडकीतला दुसरा आकडा, म्हणजे जास्तीत जास्त किती कापता येईल तो, बघून तुम्ही चक्रावाल. ड्राइव्ह तीन चतुर्थांश रिकामा असतानाही विंडोज कधीकधी फक्त २०-३० जीबी सोडायला तयार होतं. कारण ड्राइव्हच्या टोकाकडे एखादी न हलणारी फाइल ठाण मांडून बसलेली असते: पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती), हायबरनेशनची फाइल, सिस्टिम रिस्टोरच्या प्रती. कापताना सीमा त्या फाइलीच्या अलीकडे येऊ शकत नाही. हायबरनेशन आपण आधीच घालवलं. सिस्टिम रिस्टोर आणि पेजफाइल तात्पुरती बंद करा, मशीन रीस्टार्ट करा, परत बघा. बहुतेकदा आकडा एकदम वाढतो. तरी अडलंच तर इव्हेंट व्ह्यूअरच्या अ‍ॅप्लिकेशन नोंदींत २५९ क्रमांकाची नोंद शोधा. आडवी आलेली फाइल कुठली, ते नावासकट लिहिलेलं असतं. कापून झालं की पेजफाइल पुन्हा चालू करायला विसरू नका.

कापलेली जागा कुठे येते ते बघा: सी आणि रिकव्हरी यांच्या मधोमध. तिथे लिनक्स बसलं की सी चा उजवा बांध कायमचा ठरला. उद्या विंडोजला जागा कमी पडली तर सी ला फक्त लगतची मोकळी जागाच घेता येते, मधलं घर ओलांडून पलीकडची नाही. म्हणून किती कापायचं ते आजच विचार करून ठरवा. आणि नवीन हिस्सा जागेने चौथ्याच्या आधी असला तरी त्याला क्रमांक पाचच मिळेल. यादीत क्रम उलटसुलट दिसला म्हणजे काही बिघडलं असं नाही.

विंडोजमध्ये ती जागा काळ्या पट्टीत ‘अनअलोकेटेड’ म्हणून दिसली की तिथेच थांबा. तिचा नवा ड्राइव्ह करू नका, फॉरमॅट करू नका. ते काम मिंटचा इन्स्टॉलर करेल.

आतापर्यंतच्या गोष्टी एकदा मोजून घ्या: चार हिस्स्यांची यादी कागदावर किंवा मोबाइलच्या फोटोत, बिटलॉकरची किल्ली, फास्ट स्टार्टअप बंद, सी कापलेला. यात एक राहिलंय, माघारी यायची वाट. विंडोजमध्ये ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ करायची सोय आहे. त्यासाठी ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि त्यातलं सगळं पुसलं जाणार हे धरून चाला. सी कापायच्या आधीच तो करून ठेवलात तर उत्तम. तुमच्या स्वतःच्या फाइली वेगळ्या बाहेरच्या डिस्कवर घ्या. मशीन नवं आहे, फारशा नसतील.

मग मिंटच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा, पण इन्स्टॉलवर लगेच क्लिक करू नका. सिक्युअर बूटला हात लावायची सहसा गरज पडत नाही, मिंट ते चालू असतानाही उठतं. टर्मिनलमध्ये ‘एलएसबीएलके’ ही डिस्कांची यादी दाखवणारी आज्ञा चालवा आणि कागदावरची यादी समोर धरून आकडे जुळवा. इथे नावं बदललेली असतात. एसएसडीचं नाव बहुधा ‘एनव्हीएमई’ने सुरू होईल, आणि ‘एसडीए’ बहुधा तुमचा पेनड्राइव्हच असेल. जुन्या लेखांत एसडीए म्हणजे मुख्य डिस्क असं वाचून कित्येकांनी भलत्यालाच हात घातलाय. नावावर जाऊ नका, आकारावर जा.

एसएसडी दिसलीच नाही तर? काही इंटेलच्या मशीनवर बायोसमध्ये आरएसटी किंवा व्हीएमडी (डिस्क हाताळायची इंटेलची स्वतःची पद्धत) चालू असतं आणि लिनक्सला डिस्क दिसत नाही. अशा वेळी बायोसमध्ये जाऊन झटक्यात एएचसीआय (नेहमीची साधी पद्धत) करू नका, विंडोज निळ्या पडद्यावर अडकेल. आधी विंडोज सेफ मोडमध्ये उठेल असं करायचं, मग बायोस बदलायचं, एकदा सेफ मोडमध्ये उठवायचं आणि मग सेफ मोड काढायचा. तुमच्याकडे हे निघालं तर कळवा, त्यातल्या पायऱ्या एकेक करून सांगेन.

हे सगळं २५६ जीबीला धरून आहे. तुम्ही ‘एसएसडी’ म्हणताय, पण या आकाराच्या स्वस्त मशीनमध्ये अनेकदा ६४ जीबीची ईएमएमसी, म्हणजे बोर्डवरच बसवलेली स्वस्त साठवण, असते. तिचं नाव लिनक्समध्ये ‘एमएमसीबीएलके’ने सुरू होतं, आणि बरोबर ‘बूट०’, ‘बूट१’ असे काही एमबींचे दोन चिमुकले तुकडेही दिसतात. तेही सोडून द्यायचे. विंडोज ११ ला स्वतःलाच किमान ६४ जीबी लागतात, त्यात लिनक्सला पाट मांडणं म्हणजे दोघांनाही उपाशी ठेवणं. तिथे मी सरळ सांगते: एकच काय ते ठेवा, नाहीतर लिनक्स बाहेरच्या यूएसबी एसएसडीवर टाका. १२८ जीबीवर जमतं, पण चाळीतल्या दोन खोल्यांसारखं. २५६ वर आरामात राहता येतं.

तेव्हा आज काहीही कापू नका. ‘लिस्ट पार्टिशन’च्या पडद्याचा फोटो पाठवा, बिटलॉकर चालू आहे की बंद ते सांगा, आणि श्रिंकच्या खिडकीतला तो दुसरा आकडा लिहा. खिडकीतून ‘कॅन्सल’ करूनच बाहेर या.